गोळी लागू पडली नाही

“श्वास सोडा,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि त्याने तो सोडायच्या आतच त्यांनी चिमट्याने जखमेतली कालची पट्टी ओढून काढली.

तो पालथा पडला होता. तोंडातून जे निघालं ते उशीत जिरलं.

“मोठ्याने बोला की. मला शिव्यांची सवय आहे.”

“शिवी तुम्हाला नव्हती, मॅडम.”

“मग कुणाला?”

“रस्त्याला.”

शेजारच्या खाटेवरचा गुडघा खो खो हसला.

या वॉर्डात माणसांना नावं नव्हती. नाव आणि हुद्दा दाराबाहेर ठेवायचा आणि जे बिघडलं असेल ते घेऊन आत यायचं, अशी इथली रीत. व्हॉलीबॉल खेळताना उडी मारली आणि खाली येताना ज्याच्या पायात कट्ट् झालं, तो गुडघा. उन्हातान्हात पहारा करताना पाणी प्यायला विसरला, तो मुतखडा. डब्याचं झाकण उघडताना पत्र्याने शीर कापून घेतलेला तो बोट. हा पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. याला माकडहाडाच्या टोकाशी, माणूस स्वतःला कधी बघत नाही अशा जागी, लिंबाएवढं गळू झालं होतं. म्हणून हा बैठक.

“बैठक, आज बसणार का रे?” मुतखडा रोज सकाळी विचारायचा.

“बैठक तहकूब आहे,” गुडघा परस्पर उत्तर द्यायचा.

मॅडमनी त्याला एकदा नीट समजावलं होतं. खड्ड्यांचा रस्ता, घाम आणि दिवसभर तीच सीट. अशात एखादा केस उलटा कातडीत शिरतो, आत घर करतो आणि पू धरतो. ड्रायव्हर लोकांचं जुनं दुखणं आहे, त्यात लाजायचं काही नाही. गळू कापून साफ केलं होतं, पण टाके घातले नव्हते. जखम तळापासून भरत वर यायला हवी होती. वरून लवकर मिटली असती, तर आत पुन्हा तेच झालं असतं.

“गोळी लागलेला कुणी येतो का हो मॅडम तुमच्याकडे?” त्याने विचारलं होतं.

“इथे आल्यापासून एकही नाही. हर्निया आले, अपेंडिक्स आले, उलटलेल्या गाड्यांखालचे आले. शिडीवरून पडलेला एक आला. गोळीवाल्याची वाट बघून माझं ते सामान धूळ खातंय.”

ही सगळी माणसं निळी टोपी घालून परक्या मुलखात आली होती. तिथल्या दोन गटांच्या मधोमध उभं राहायचं, म्हणजे ते एकमेकांवर धावून जात नाहीत, एवढंच त्यांचं काम. घरच्यांनी निरोप देताना डोळे पुसले होते ते गोळीच्या भीतीने. गळवाच्या भीतीने कुणी कुणाला रडून निरोप देत नाही.



तो जे बोलला

“अगं, गोळी लागू पडली नाही, म्हणून ऑपरेशन करावं लागलं. पण आता बरा आहे. काळजी करू नकोस.”

बायकोला जे ऐकू आलं

“अगं, गोळी ला… …ली… …ऑपरेशन करावं लागलं. पण आता ब…”

आणि फोन गेला. टॉवरचं डिझेल संपलं होतं. डिझेल येईपर्यंत तो पालथा पडून राहिला आणि तिकडे गावाने गोळीचं पुढचं सगळं काम उरकलं.



पुढचा फोन लागला तो बापाला.

“कुठे लागली?”

“आबा, ऐका. गोळी लागली नाही…”

“जिवाला लागली नाही, कळलं ते. पण लागली कुठे?”

“मागे. खाली.”



“पाठीत?”

“पाठीच्या खाली.”

मग आबांचा आवाज एकदम बारीक झाला. तोंडावर हात धरून बोलत असावेत.

“पळत होतास का रे?”

त्याला हसू फुटलं. हसताना मागे कळ आली, कळ आली म्हणून तो ओरडला, आणि नेमका त्या ओरडण्यावर फोन तुटला.



तिसऱ्या फोनवर बायको भेटली. या वेळी आवाज स्वच्छ होता. त्याने एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

“म्हणजे… खायची गोळी?” ती म्हणाली.

“खायची. चौकीवर औषधवाल्याने दिली होती. ती लागू पडली नाही. गळू फुटेना, म्हणून कापलं.”

“अगं बाई!”

ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. मग ती रडते आहे की हसते आहे हे त्याला कळेना, आणि तिलाही कळत नसावं.

“आता हसा तुम्ही,” ती नाक ओढत म्हणाली. “इथे काय झालंय माहितीय? पाठीच्या खाली गोळी म्हटल्यावर लोक कुजबुजायला लागले. मग आबाच म्हणाले, तो पळणारा नाही, तो कुणावर तरी वाकला असणार. संध्याकाळी तुम्ही एका लेकरावर पालथे पडला होता. दुसऱ्या दिवशी लेकरं दोन झाली.”

“आणि तिसऱ्या दिवशी?”

“तिसऱ्या दिवशी त्यांची आईपण आली. अहो, चौकात तुमचा फोटो लावलाय. मोठा. रविवारी सभागृहात सत्कार आहे. तुमचा फोन भोंग्याला जोडणार, तुम्ही दोन शब्द बोलायचे.”

“सांगून टाक त्यांना.”

“मी? आबांना बघितलं असतंत तर असं म्हणाला नसतात.”

आबांना न बघताही तो बघू शकत होता. आबांचा धंदा खुर्च्यांचा. कुणाचं लग्न, कुणाची सभा, कुणाचा निरोप-समारंभ असला की लोखंडी खुर्च्या गाडीतून उतरवायच्या, ओळीने मांडायच्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. संपला की पुन्हा घडी घालून गाडीत. गावातला प्रत्येक मोठा माणूस आबांच्या खुर्चीवर बसून गेला होता. आबा स्वतः तिच्यावर बसलेले कुणी पाहिले नव्हते.

“रविवारी मंचावर बसवणार आहेत त्यांना,” ती म्हणाली. “परवापासून सदरा इस्त्री करून ठेवलाय. रोज बघतात, पुन्हा घडी घालतात.”

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्ही काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक लक्षात ठेवा, तुम्ही तिकडे आहात, मी इथे आहे. लोक हसतील ते माझ्या तोंडावर.”

“बरं.”

“आणि अहो, पलीकडच्या वस्तीतला तो तुमचा आचारी… गेला ना तो? काय झालं होतं त्याला?”

त्याची मान वर झाली. “का?”

“लोक काहीबाही बोलतात. तिकडे फुकटचं मिळतं म्हणून खाऊन खाऊन पोट फुटलं, म्हणतात. त्याची बायको परवा नळावर भेटली. सगळ्या जणी गप्प झाल्या. ती पाणी न भरताच गेली.”



इतर

आचारी याच वॉर्डात गेला होता, खिडकीखालच्या खाटेवर. तो जेमतेम एका दुपारपुरता इथे होता, त्यामुळे त्याला धड नावही पडलं नव्हतं.

त्याचं पोट दुखत होतं. दुखतंय म्हणाला, तेव्हा चौकीवर कुणीतरी म्हणालं, मोठ्या पाहुण्यांचं जेवण आलं की याचं पोट दुखतं. लोक हसले. आचारीही हसला. त्यानंतर तो दुखतंय म्हणाला नाही. पोटाला पंचा आवळून चुलीपुढे उभा राहिला, आणि एका दुपारी वाढता वाढता खाली बसला तो उठलाच नाही. त्याला टँकरच्या केबिनमध्ये घालून इथे आणलं ते बैठकनेच. त्या दिवशी त्याने खड्डे चुकवायचा जेवढा प्रयत्न केला, तेवढा आयुष्यात कधी केला नव्हता. त्या रस्त्यावर एक चुकवला की दुसरा मिळतो. आचारी प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायचा. तोंडातून हूं की चूं नाही.

अपेंडिक्स आत फुटून गेलं होतं. मॅडमनी पोट उघडलं तेव्हा करण्यासारखं थोडंच उरलं होतं.

छावणीच्या मैदानात एक काळा दगड होता. या मुलखात गेलेल्यांची नावं त्यावर कोरलेली. आचाऱ्याचं नाव तिथे आलं नाही. वर गेलेल्या अहवालात जखमींचा एक रकाना होता, मृतांचा एक, आणि त्याखाली ‘इतर’. तो इतरमध्ये गेला.

शुक्रवारी कर्नलसाहेब फेरीला आले. खाटेखाटेपाशी थांबत, काय रे, कसं काय, म्हणत पुढे सरकत होते.

“काय रे तू?”

“गुडघा, सर. व्हॉलीबॉल.”

“जिंकलात तरी का?”

“नाही, सर.”

बैठकपाशी मात्र ते जरा जास्त थांबले. तो खाटेशेजारी उभा होता. बसता येत नसलं की माणूस आपोआप शिस्तीचा दिसतो.

“तुझा सत्कार आहे म्हणे गावात. माझ्या कानावर आलंय. चांगलं आहे, आपल्या पथकाचं नाव होतंय. रविवारी दोन शब्द बोल आणि फोन ठेव. गळवाबिळवाचं काही काढू नकोस.”

“सर, आचाऱ्याचं नाव दगडावर येणार का?”

“तो आजाराने गेला.”

“येणार नाही का, सर?”

“दगडावर कारवाईत गेलेल्यांची नावं असतात. तुला माहीत नाही?”

“माहीत आहे, सर. म्हणून विचारतो. मला तर गावात गोळी लागलीय. उद्या मी टँकरखाली गेलो, तर माझं नाव कुठे घालणार?”

मॅडमना अचानक खोकला आला. कर्नलसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग याच्याकडे.

“जीभ फार चालायला लागली. बरा झालेला दिसतोस,” ते म्हणाले. “एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर पहिल्या विमानाने घरी. मग तिकडेच काय तो सत्कार करून घे.”

ते गेल्यावर गुडघ्याने डोक्याला हात लावला. “लेका, बसता येत नाही तर निदान गप्प तरी पड की.”



शनिवारी वॉर्डाने तालीम घेतली. बोट झाला अध्यक्ष. बँडेज बांधलेलं बोट उभं धरलं की ते माइकसारखं दिसायचं. मुतखडा झाला जनता.

“आता आपले शूर जवान दोन शब्द बोलतील!”

“मला गळू झालं होतं,” बैठक म्हणाला.

“गळू काय म्हणतोस? जरा भारदस्त बोल. ‘विकार’ म्हण.”

“बुडाला विकार झाला होता.”

“बूड पण नको!”

“मग विकार कुठे ठेवू?”

मुतखडा पोट धरून हसला आणि लगेच कण्हला. गुडघा तेवढा हसत नव्हता.

“गड्या, एक सांगू?” तो म्हणाला. “कुणाचं काय जातंय? एक दिवस हो म्हण. म्हातारा खुर्चीवर बसेल. तू काही मागायला गेला नव्हतास.”

“माझं काही जात नाही.”

“मग झालं तर.”

“आचाऱ्याच्या बायकोचं जातं,” तो म्हणाला. “मी लेकरावर पालथा पडलो, तर तो खाऊन मेला. आम्ही दोघं एकाच चौकीवरचे, एकाच रस्त्याचे. गावाला एक वाघ मिळाला ना, की दुसऱ्याला हसायला लोक मोकळे.”

गुडघा छताकडे बघत राहिला.

“मग म्हाताऱ्याला आधी सांग. एकट्याला. भोंग्यावर नको.”

हे बरोबर होतं. त्याने फोन लावून बघितला, पुन्हा पुन्हा. टॉवर कधी श्वास धरत होता, कधी सोडत होता. लागला तेव्हा आबा सभागृहात खुर्च्या मांडायला गेले होते.

“स्वतःच?” त्याने विचारलं.

“दुसऱ्या कुणाला नीट जमत नाहीत म्हणाले,” बायको म्हणाली.



रविवार. सकाळचं ऊन पाण्याच्या टाकीवर आलं होतं. नीट सिग्नल फक्त टाकीजवळ मिळायचा, म्हणून तो तिथे उभा. मागे वॉर्ड जमला होता. गुडघा कुबड्यांवर होता, मुतखडा पोटावर हात ठेवून, बोट बोट वर धरून. मॅडम दारात उभ्या होत्या, हातमोजे काढता काढता थांबलेल्या. मैदानाच्या पलीकडे कर्नलसाहेबांच्या कचेरीची खिडकी उघडी होती.

फोनमध्ये सभागृह वाजत होतं. खुर्च्या, खोकले, कुणाचं तरी तान्हं. आधी कुणीतरी लांबलचक बोललं. त्यात दोन लेकरं होती, त्यांची आई होती, गोळ्यांचा वर्षाव होता. टाळ्या. मग आबा. आबांना माइकवर बोलायची सवय नव्हती. “बोल बाळा,” एवढंच म्हणाले, आणि भोंग्याने त्याचं केवढं तरी मोठं केलं.

“आबा, आधी तुमची माफी मागतो. नंतर बोलतो,” तो म्हणाला.

त्याचाच आवाज तिकडच्या भिंतींवर आपटून त्याच्या कानात परत आला. त्याने तो पुरता विरू दिला.

“मला गोळी लागली नाही. मी चौकीवर खायची गोळी घेतली होती, ती लागू पडली नाही. तेच मी फोनवर सांगत होतो. मला बुडाला गळू झालं होतं. टँकर चालवून झालं.”

मागच्या रांगेतून एक हसू फुटलं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि मग सगळं सभागृह. टँकर उतारावरून सुटावा तसं ते हसू अंगावर आलं. तान्हं दचकून रडायला लागलं. तो ऐकत उभा राहिला. फोन कानापासून लांब धरावा असं वाटलं, पण धरला नाही. या हसण्यात बायको कुठल्या रांगेत बसली असेल?

“हसा,” तो म्हणाला. “मीपण हसलो होतो. हसून झालं की सांगा. मला अजून बोलायचंय.”

“बंद करा ते,” तिकडे कुणीतरी म्हणालं. माइकची खसखस झाली.

“राहू द्या.” आबांचा आवाज होता. कोरडा, ओळखू न येणारा. “बोलतोय ना तो. अर्धवट ऐकलं म्हणूनच हे झालं. आता पुरतं ऐका.”

मग तो बोलला. इथे येऊन आपण कुणाला वाचवलं नाही, पाणी वाहिलं, असं तो म्हणाला. ज्या वस्तीत विहिरी खराब झाल्या होत्या तिथे नेलं. रस्ता कसा आहे ते सांगितलं. “आणि आमचा आचारी खाऊन मेला नाही,” तो म्हणाला. “त्याचं आतडं आत सडत होतं आणि तो आम्हाला वाढत होता. आम्ही चेष्टा करू म्हणून बोलला नाही. आम्ही करायचोच. त्याचा फोटो तुमच्या चौकात नाही. इथल्या दगडावरही त्याचं नाव नाही. मला घरी पाठवणार असतील तर पाठवू देत, मी येऊन हेच सांगेन, भोंग्याशिवाय सांगेन.”

पलीकडे कचेरीच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. गुडघ्याने कुबडी टेकत सरकून त्या खिडकीच्या आणि याच्या मधे जागा धरली. मुतखडा त्याच्या शेजारी. बोटही. तिघांच्या मिळून काही मोठी भिंत झाली नाही.

फोनमध्ये आता हसू नव्हतं. पावलं आली. कुणीतरी माइकपाशी आलं होतं आणि तो कसा धरायचा हे त्याला कळत नव्हतं.

“भाऊ,” बाईचा आवाज. “मी त्याची बायको.”

“हां, वहिनी.”

“तुम्ही त्या दिवशी जेवला होता का? त्याच्या हातचं?”

“हो.”

“काय केलं होतं?”

“भात, डाळ. बटाट्याची भाजी.”

“कशी झाली होती?”

चांगली झाली होती, हे तोंडावर आलं होतं. कुणीही तेच म्हटलं असतं. त्याने ते गिळलं.

“मीठ नव्हतं, वहिनी.”

“भाजीत?”

“कशातच नव्हतं.”

सभागृहात कुणीतरी किंचित फिसकलं आणि लगेच थांबलं.

तिचा श्वास तेवढा भोंग्यातून येत होता, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढा मोठा.

“मीठ विसरणारा माणूस नव्हता तो,” ती म्हणाली. “माझ्या हातून कधी राहिलं, तर पहिल्या घासालाच हात थांबायचा त्याचा. म्हणजे फारच दुखत असणार.”

तो हो म्हणाला. की नुसती मान हलवली, ते त्यालाही आठवत नाही.

मग तिचा आवाज फोनपासून वळला. ती आता त्याच्याशी बोलत नव्हती.

“ऐकलंत?”

शब्द तिकडच्या भिंतींवर आपटला, परत आला, पुन्हा आपटला. कुणी उठून गेलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला असता, तर त्याने तो नक्की ओळखला असता.